वारली अकरा, भय्या सात

काकांनी चौदा वर्षांत माझं नाव एकदाही घेतलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही. हजेरीपटावर ते रोज मीच माझ्या हाताने लिहायचे आणि खाली सही त्यांची असायची. पण हाक मारायची वेळ आली की "ए वारलीन". चहा हवा, ए वारलीन. गेटपासचं पुस्तक सापडत नाही, ए वारलीन. त्यांचा मुलगा आयटीआय पास झाला तेव्हा पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरून म्हणाले, "घे गो वारलीन, दोन घे. एक तुझ्या पोरीला."

तारापूरच्या एमआयडीसीत, रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस, त्याला एक खिडकी आणि खिडकीत काका. मी बारावी करून पॅकिंगला लागले होते. अक्षर बरं आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून दोन वर्षांनी मला त्या खिडकीच्या आतल्या बाजूला, त्यांच्या शेजारी बसवलं. आता त्या खुर्चीत मी बसते. खुर्चीचा डावा हात अजून तसाच हलतो.

मी वारली आहे, बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरची. त्या शब्दात वाईट असं काही नाही. माझी आजी तो ताठ मानेने सांगायची. शाळेच्या दाखल्यावर तोच आहे आणि त्याच्या आधाराने मी शिकले. वाईट हे होतं की माझ्या नावाच्या जागी तो एकटाच यायचा, आणि आमच्यातल्या बारा जणांना तोच पुरायचा. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं होईल. कळत होतं. फक्त "आले काका" म्हणून चहा नेऊन देणं सोपं होतं, आणि सोपं असेल ते माणूस वर्षानुवर्षं करत राहतो.

काका दांडी गावचे. समुद्रावरचे मांगेले, बापाची बोट होती. उंच, वाळलेले, आणि डाव्या मनगटावर एकाखाली एक अशी दोन घड्याळं. वरचं कंपनीचं, खालचं घरचं, असं ते सांगायचे. कंपनीचं सायरनला लावलेलं आणि घरचं बरोबर दहा मिनिटं पुढे. "कामाव यायला उशीर झाला तर चालतो, घरी जायला झाला तर चालत नाय," हे तत्त्वज्ञान टाइमकीपरचं, म्हणजे बघा. टाइम ऑफिसच्या मागे तारेचं कुंपण आहे, त्यावर हिवाळ्यात ते बोंबील वाळत घालायचे. एकदा नवा सेफ्टी ऑफिसर नाकाला रुमाल लावून आला आणि हे काय आहे म्हणून विचारू लागला. काका म्हणाले, "साहेब, कंपनीच्या वासाला आमी काय बोलतो का? मग आमच्या वासाला तुमी कशाला बोलता?" बोंबील राहिले. ऑफिसरची पुढे बदली झाली.

माणसांची त्यांना खडान्खडा माहिती. कोणाची म्हैस व्याली, कोणत्या पाड्यावर पाणी आटलं, कोणाच्या पोराला पालघरच्या दवाखान्यात न्यायचंय. "त्या पाम गावच्या काळ्या मोटरसायकलवाल्याची आई पडलीय. त्याला आज दुसरी पाळी नको लावू, घरी जाऊ दे." मी विचारायचे, "कोण काका? नाव सांगा, मला लिहायचंय." तर वैतागायचे. "नाव काय करायचाय? तो भंडारी गो, पामचा." शेवटी मी चेहऱ्यावरून ओळखून नाव लिहायचे. माणसाचं सगळं घरदार ठाऊक, फक्त नाव सोडून, असा हा अजब प्रकार होता.

मुंबईकडच्या एका इंजिनियरने त्यांना एकदा तोंडावर विचारलं, जातीवरून हाका मारता, बरं वाटतं का? तेव्हा काकांनी सांगितलेली गोष्ट मी नंतर वीसेक वेळा ऐकली. पालघरच्या कॉलेजात ते एक वर्ष होते. पहाटे बोटीवरून आलेली मासळी आईबरोबर उतरवून, आंघोळ करून जायचे, तरी त्यांच्या बाकावर कोणी बसत नसे. "मग एक दिवस मीच मोठ्यानं बोल्लो, सरका रे, मच्छी आली! सगळे हसले. आनि त्या दिवसापासून लोक बसाय लागले." ही गोष्ट ते हसत सांगायचे. समोरच्याने बोलायच्या आधी आपणच बोलून टाकायचं, म्हणजे त्याच्या हातात काही उरत नाही, एवढा धडा त्यांनी त्यातून घेतला होता. धडा त्यांच्यापुरता खराही असेल. पण दुसऱ्याचं दुखणं त्याच्या आधी आपण बोलून दाखवायचं, हे त्यात कुठून आलं ते मला कधी कळलं नाही.

"मी कोनालाय सोडत नाय," असं छातीवर हात मारून सांगायचे. स्वतःला मच्छी, आम्हाला वारली, उत्तरेकडून आलेल्या कामगारांना भय्या, लॅबमधल्या साताऱ्याकडच्या केमिस्टांना घाटी. म्हणजे सगळे सारखे. पण फॅक्टरी मॅनेजरही घाटावरचेच होते, आणि त्यांची गाडी गेटात शिरली की काका उभे राहून "गुड मॉर्निंग साहेब" म्हणायचे. घाटी म्हणायचे ते गाडी वळून गेल्यावर. हे मी त्यांना एकदाच बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही घड्याळं पाहिली आणि म्हणाले, "जा गो वारलीन, कामाला लाग."

आता त्या हजेरीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे.

आमच्याकडे महिन्यातून एकदा धोक्याचा सायरन वाजवून बघायचे. वाजला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी गेटजवळच्या हिरव्या पाटीखाली जमायचं आणि टाइमकीपरने हजेरी घ्यायची. पटावर नावं असायची. पण नावं वाचत बसलं तर वेळ लागतो. काकांनी आपली पद्धत काढली होती. पायरीवर चढायचे आणि ओरडायचे, "वारली?" आमच्यातला मुकादम ओरडायचा, "बारा!" "भय्या?" "सात!" "मांगेले?" "चार!" "घाटी?" "तीन!" आकडे सकाळच्या आकड्यांशी जुळले की काका अंगठा वर करायचे, आणि मी शेजारी उभी राहून पटावरच्या सगळ्या नावांपुढे खुणा करत जायचे. तीन मिनिटांत काम. मुंबईच्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी घड्याळ लावून बघितलं आणि सर्वांत जलद हजेरी म्हणून काकांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. ते घड्याळ टाइम ऑफिसात अजून आहे.

मग परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक येणार म्हणून कंपनीने भिंती रंगवल्या, संडासांना दारं बसवली आणि भाषा सुधारायला घेतली. एचआरला नव्या मॅडम आल्या होत्या, पंचविशीच्या, पुण्याच्या. बाई वाईट नव्हत्या. मनापासून करत होत्या. 'आदराने बोला' असे फलक त्यांनी कॅन्टीनपासून भट्टीपर्यंत लावले आणि एका दुपारी आम्हा सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून कोणता शब्द वापरायचा नाही आणि त्याऐवजी कोणता वापरायचा हे पडद्यावर दाखवलं. काका पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते.

"मॅडम, भय्या बोलायचा नाय, तर काय बोलायचा?"

"स्थलांतरित कामगार, काका."

काकांनी लिहून घेतलं. "आनि वारलीन?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग जरा अडखळून म्हणाल्या, "आदिवासी भगिनी म्हणू शकता."

"आनि घाटी?"

सगळं कॅन्टीन हसलं. मॅनेजर मागे उभे होते, तेही हसल्यासारखं करून बाहेर गेले. मॅडमच्या यादीत घाटी नव्हताच. "नावानेच हाक मारली तर सगळ्यात उत्तम," असं त्यांनी शेवटी सांगितलं खरं, पण तोवर चहा आला होता आणि लोक उठू लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि लोडिंगच्या दिशेने आरोळी ठोकली, "ओ स्थलांतरित कामगार! इकडे ये!" रामसकल नावाचा माणूस हातगाडी ढकलत होता. त्याने मागे वळून पाहिलं, कोणीच नव्हतं, मग छातीवर बोट ठेवून विचारलं, "हमको बोल रहे हैं?" सगळे पोट धरून हसले. मग काका माझ्याकडे वळले, "ओ आदिवासी भगिनी, च्या आना." त्यावरही हसले. हसले मीही. दोन दिवस हा खेळ चालला. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येऊन गेलं आणि चौथ्या दिवशी पुन्हा भय्या आणि वारलीन. फलक मात्र राहिले.

पुढच्या महिन्यात, जेवणाची सुट्टी संपून अर्धा तास झाला असेल, सायरन वाजला. ठरलेला दिवस नव्हता. टँकर खाली करायच्या जागेवर पाइपचा जोड निसटला होता आणि पिवळसर धूर उठला होता. आम्ही नाकाला ओढण्या, रुमाल लावून हिरव्या पाटीखाली पळालो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काका पायरीवर चढले.

"वारली?"

"अकरा!"

त्या दिवशी आमच्यातले अकराच असायचे होते. लहानूला सकाळीच लोडिंगच्या, म्हणजे भय्यांच्या, टोळीत धाडलं होतं, कारण तिथला एक जण गावी गेला होता. ही नोंद माझ्याच हातची.

"भय्या?"

गावी गेलेला तो त्या टोळीचा मुकादमच होता. उत्तर आलं नाही म्हणून काकांनी बोट नाचवत स्वतःच डोकी मोजली. "सात. बराबर." मांगेले चार, घाटी तीन. अंगठा वर झाला. मी खुणा केल्या. लहानूच्या नावापुढेसुद्धा केली. आत कोणी नाही असं काकांनी वॉकीटॉकीवर कळवलं आणि सेफ्टीवाल्यांनी त्या जागेचं मोठं शटर खाली ओढलं.

जयवंती, लहानूची बायको, पॅकिंगला होती. ती त्या अकरांतच उभी होती. ती पुढे आली आणि काकांना म्हणाली, "आमचा मानूस दिसत नाय."

"वारली अकरा हायत, सगळे हायत. मागं हो."

ती माझ्याकडे वळली. आम्ही एकाच पाड्यावरच्या. तिच्या लग्नात मी नाचले होते. मी पटावर बघितलं, लहानूपुढे माझीच खूण होती, आणि मी तिला म्हणाले, "अगं बाय, तो आज भय्यांच्यात हाय. तिकडं असेल उभा."

हे वाक्य मी किती वेळा मनात परत परत बोलले असेन याला गणती नाही. मी मान वळवून बघितलं असतं तर पंधरा पावलांवर ती टोळी उभी होती. बघितलं नाही. सात म्हणजे सात होते ना.

जयवंती त्या टोळीत शिरली, एकेकाचं तोंड बघत गेली. तेव्हा कडेला उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "हमको काहे गिन लिए? हम तो टँकर लेकर आए हैं." तो टँकरचा ड्रायव्हर होता. हिंदी बोलत होता, त्या टोळीशेजारी उभा होता, म्हणून सातवा झाला होता.

काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा नंतर कधी पाहिला नाही. ते पायरीवरून उडी मारून धावले. शटरपाशी दोघांनी त्यांना धरून ठेवलं, कारण मुखवटे चढवलेली माणसं यायची होती. काका शटरवर थापा मारत ओरडू लागले, "ए वारल्या! ए वारल्या, कुठं हायस?" आतून काही नाही. "ए वारल्या!" काही नाही. काकांना दुसरं काही ओरडताच येत नव्हतं. मला नाव माहीत होतं. माझ्या हातात पट होता. तरी मी हाक मारली नाही.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पोरांचा बाप, आमचा मानूस, असंच. जयवंतीने बारा वर्षांच्या संसारात ते कधी घेतलं नसेल. ती शटरला तोंड लावून ओरडली, "लहानू!" पुन्हा, "लहानू रे!" आणि आतून पत्र्याच्या पिंपावर ठोकल्याचा आवाज आला. एकदा, मग थांबून दोनदा. त्या आवाजाच्या रोखाने माणसं आत गेली आणि त्याला पिंपांच्या मागून ओढून काढलं.

लहानू वाचला. पण छाती गेली. पाड्याची चढण आता त्याला एका दमात चढवत नाही. भाताचा तुकडा भाऊ कसतो, हा ओट्यावर बसून असतो. दवाखान्यात मी त्याला विचारलं होतं, काका एवढे ओरडत होते, तेव्हा का नाही ठोकलंस? तो दम घेत घेत म्हणाला, "वारल्या तं रोजच आयकतो. मला वाटला दुसऱ्या कोनाला बोलावतात."

आठ दिवसांनी चौकशी झाली. मॅनेजर, एचआरच्या मॅडम, मुंबईचे एक साहेब. टेबलावर अहवाल टाइप करून तयार होता आणि त्यात एक ओळ होती, की सूचना मिळूनही सदर कामगार निष्काळजीपणे जागेवर थांबून राहिला. म्हणजे सगळं लहानूच्या अंगावर. ती ओळ तशीच राहिली असती तर उपचारापासून नोकरीपर्यंत त्याला कुठेच दाद मिळाली नसती. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. जयवंती दाराबाहेर बाकावर बसली होती आणि दार उघडं होतं.

मला विचारलं, हजेरी कशी घेतली?

मी म्हणाले, "नेहमीप्रमाणे घेतली."

मला वाटलं, खोटं तर बोलले नाही. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती आणि नवरा गुजरातला कामाला गेलेला. कारणं प्रत्येकाकडे असतात, माझ्याकडेही होती. पण बाहेरच्या बाकावरून जयवंतीने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची थांबली.

मग काका उठले. "नेहमीप्रमाने म्हंजे कशी, ता मी सांगतो. नाव न घेता. वारली अकरा, भय्या सात, अशी. आनि त्या सातांत टँकरचा म्हातारा मी मोजला. आत अडकलेला मानूस तिथं नव्हता, तरी हाय बोल्लो. लिवा."

मुंबईचे साहेब म्हणाले, "काका, ही भाषा अहवालात नको. ऑडिटला जाईल हे. आपण गटनिहाय हजेरीत किंचित त्रुटी, असं लिहू."

"गटनिहाय नाय. मी तसा बोल्लो नाय. मी भय्या सात बोल्लो."

मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. त्यांनी समजावलं की हे शब्द लिहिले तर कंपनीच्या नियमाप्रमाणे काकांवरच कारवाई करावी लागेल, आणि निवृत्तीला दोनच महिने राहिलेत. काकांनी वरचं घड्याळ पाहिलं, मग खालचं. म्हणाले, "करा कारवाई. मी शिव्या देतो असा लिवा, मी सही करतो. पन पोराच्या नावावरची ती ओळ काढा. ती असेल तर मी सही करत नाय, आनि बाहेर पत्रकाराला जाऊन सांगतो."

ती ओळ काढली. लहानूचा दवाखाना कंपनीने केला. काकांना असभ्य भाषेबद्दल तडकाफडकी घरी पाठवलं. माणसं चुकीची मोजल्याबद्दल त्यांना कोणी काही बोललं नाही. अहवालात 'गटनिहाय' असंच छापून आलं. साहेब लोकांचा सुंठीवाचून खोकला गेला. निरोपाचा नारळ नाही, शाल नाही. त्यांनी कुंपणावरचे बोंबील पिशवीत भरले आणि घरच्या घड्याळाप्रमाणे दहा मिनिटं आधी निघून गेले. सोमवारी त्यांच्या खुर्चीत मला बसवलं.

वर्षभराने मी दांडीला गेले. आधी जायला पाय उचलला नाही. काका ओट्यावर जाळं विणत होते, मनगटावर एकच घड्याळ. मला बघून म्हणाले, "ये गो." पुढचा शब्द त्यांनी गिळला. त्यांच्या बायकोने चहा आणला. तिच्याकडून कळलं की दर महिन्याला सुकट-बोंबलाची पिशवी घेऊन ते लहानूकडे जातात, चढण चढून, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या ओट्यावर बसून राहतात. काय बोलतात ते तिलाही माहीत नव्हतं.

"माझ्या बापाच्या बोटीवर," काका जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "मानसं मोजत नव्हते. मोजली तर एखादा कमी होतो, असा बाप बोलायचा. धुकं पडला, लाट चढली का तांडेल, बोटीचा म्होरक्या, एकेकाचा नाव घ्यायचा आनि ज्याचा त्यानं 'हाय' बोलायचा. शेवटी बोटीतला शेवटचा मानूस तांडेलाचा नाव घ्यायचा. तांडेलपन पडू शकतो ना पान्यात? मी पोरपनी हा सगळा केलेला हाय. आनि कंपनीत आलो तं मोजाय लागलो."

मी चहा संपवला. उठता उठता मी विचारलं, "काका, माझं नाव तुम्हाला आठवतं ना?"

"आठवतं."

"मग?"

"आता घेतला तर तुला वाटेल मी माफी मागतो. माफी मला लहानूची मागायची होती, ती मागितली. तुझी नाय मागायची. तू पन खुना केल्यास." त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "जा. उशीर होईल."

राग आला मला. रस्ताभर आला. आणि थकवाही आला, कारण ते बरोबर बोलले होते.

आता आमच्याकडे हजेरी टॅबवर असते. कोणी कोणाला भय्या म्हणत नाही, वारली म्हणत नाही. नवे अधिकारी फार गोड बोलतात, मला मॅडम म्हणतात. टॅबवर चार चौकोन आहेत. स्थानिक, स्थलांतरित, आदिवासी, तांत्रिक. चौकोनावर बोट ठेवायचं, आकडा टाकायचा, की हिरवा दिवा लागतो. मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा अधिकारी म्हणाले, "बघा मॅडम, दोन मिनिटांत होतं, आणि कोणाला वाईटही वाटत नाही."

गेल्या महिन्यात सायरनची तालीम झाली. मी टॅब बाजूला ठेवला आणि कागद काढला. पायरीवर चढून सगळ्यांना सांगितलं की मी नाव घेईन, ज्याचं त्याने 'हाय' म्हणायचं, आणि यादीतला शेवटचा माझं नाव घेईल. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं. मी रामसकलपासून सुरुवात केली. त्याने हिंदीत "हाजिर" म्हटलं, ते मी चालवून घेतलं. काही जण हसत होते, काही उन्हाला वैतागले होते. अकरा मिनिटं लागली. 'हजेरीस विलंब' असा शेरा त्याच दिवशी माझ्या नावावर पडला.

शेवटचं नाव जयवंतीचं होतं. लहानूच्या आजारपणात तिचं काम सुटलं होतं, ती नव्याने लागली, म्हणून तिचा नंबर तळाला. यादी करताना ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिचं नाव घेतलं. ती "हाय" म्हणाली, खाली बघून. मग सगळे थांबले, कारण आता तिने बोलायचं होतं. ती माझ्याशी बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, नाही घेणार. नाही घेतलं तर तिला मी काय म्हणणार? अधिकारी म्हणाले, "चला, झालं ना?"

जयवंतीने मान वर केली आणि माझं नाव घेतलं. ताई नाही, मॅडम नाही. नुसतं नाव, आजी हाक मारायची तसं पाड्यावरच्या बोलीत.

"हाय," मी म्हणाले. आणि खाली वाकून कागदावर माझ्यापुढे खूण केली.